लेबलवरचं 'पॉलिमर' आणि बॅटरीतलं पॉलिमर: प्लास्टिक व कार्बन फायबरच्या बॅटरीचं खरं काय?

मे महिन्यात वसमतला घरी गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी चुलत भावानं त्याचा मोबाईल माझ्यासमोर आणून ठेवला. टेबलावर तो सरळ बसतच नव्हता, डुलत होता. मागचं कव्हर एका कडेनं उचललं गेलं होतं आणि फटीतून बॅटरीचं चंदेरी पाकीट दिसत होतं. "दादा, चार्जिंग तर टिकतच नव्हती, आता हे काय झालं?"

बॅटरी फुगली होती. मोबाईल बंद केला, चार्जरपासून लांब ठेवला आणि ऊन उतरल्यावर दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन बॅटऱ्या ठेवल्या. एक साधी. दुसरी चारशे रुपयांनी महाग. तिच्यावर 'लिथियम पॉलिमर' असं छापलेलं, आणि सगळ्या स्टिकरवर काळ्या विणीचं, कार्बन फायबरसारखं दिसणारं डिझाइन. "ही पॉलिमर आहे, कार्बनवाली. ही फुगत नसते," दुकानदार म्हणाले.

भावाचे डोळे चमकले. कारण आदल्याच आठवड्यात त्यानं एक रील पाहिलं होतं: प्लास्टिक आणि कार्बन फायबरपासून बनलेली नवी बॅटरी, पाच मिनिटांत चार्ज, वर्षानुवर्षं चालणार. त्याला वाटलं हीच ती. मी "नको" म्हणालो, पण का नको ते मला धड सांगता आलं नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री होती, तीही पास होण्यापुरती. पुण्याला परत आल्यावर वाचायला बसलो. त्याला फोनवर जे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, ते इथे एकत्र लिहितोय.

आधी त्या लेबलचं बघू

आज आपल्या हातातल्या जवळपास प्रत्येक मोबाईलची बॅटरी लिथियम-आयनच असते. 'लिथियम पॉलिमर' लिहिलेली बॅटरी म्हणजे सहसा तीच बॅटरी, फक्त पत्र्याच्या डबीऐवजी चपट्या पाकिटात भरलेली, आणि आतला द्रव थोडाफार जेलसारखा धरून ठेवणारं पॉलिमर वापरलेली. हे पॉलिमर आयनांना जाऊ देतं, इलेक्ट्रॉनना अजिबात नाही. जाऊ दिलं तर बॅटरी आतल्या आतच शॉर्ट होईल.

रीलमधलं पॉलिमर बरोब्बर उलटं आहे. ते इलेक्ट्रॉन वाहून नेतं, म्हणजे तांब्याच्या तारेचं काम करणारं प्लास्टिक. शब्द एकच, काम विरुद्ध. भावाच्या मोबाईलमध्ये जी फुगली, ती जुनी बॅटरीसुद्धा 'लिथियम पॉलिमर'च होती. आम्ही नंतर तिच्यावरचं लेबल वाचलं. दुकानात वाचलं असतं तर तिथंच विषय संपला असता.

आणि काळ्या विणीचं डिझाइन? ते स्टिकर आहे. बाकी काही नाही.

बॅटरी म्हातारी का होते

बॅटरी उघडली (तुम्ही उघडू नका) तर आत सतरंजीसारखी गुंडाळलेली किंवा घड्या घातलेली दोन लांब पानं मिळतील. एक तांब्याचं, केसाहून कितीतरी पातळ, त्यावर ग्रॅफाइटचा काळा लेप. हा अ‍ॅनोड. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, त्यावर कोबाल्ट वगैरे धातूंच्या लिथियमयुक्त ऑक्साइडचा लेप. हा कॅथोड. दोघांच्या मध्ये सच्छिद्र पडदा, आणि सगळं एका द्रवात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून द्रवातून पोहत ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या रस्त्यानं, चार्जरमधून, तिकडे पोचतात. मोबाईल वापरताना हाच प्रवास उलटा. आयन आतून, इलेक्ट्रॉन बाहेरून. एवढं डोक्यात ठेवलं तरी पुढचं सगळं कळतं.

आता खरी गोम. तो लेप काही अखंड पत्रा नसतो, तो पावडरीचा असतो. बारीक कण आणि त्यांना चिकटवून ठेवणारा डिंक, म्हणजे बाइंडर. कॅथोडसाठी वर्षानुवर्षं वापरला जाणारा बाइंडर म्हणजे पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक. चिकटतं छान, पण वीज वाहत नाही. कॅथोडचे कणही विजेच्या बाबतीत मठ्ठच. म्हणून लेपात थोडी काजळी मिसळतात. हो, दिव्याच्या काचेवर धरते तिचीच शुद्ध, कारखान्यात बनवलेली बहीण. काजळीचे कण एकमेकांना चिकटून साखळ्या करतात आणि त्या साखळ्यांवरून इलेक्ट्रॉन कणापासून पत्र्यापर्यंत जातात.

म्हणजे प्रत्येक कणाला दोन रस्ते लागतात: आयनासाठी द्रवाचा आणि इलेक्ट्रॉनसाठी काजळीचा. यातला एक जरी तुटला, तरी तो कण धडधाकट असूनही कामातून गेला. नेटवर्कमधून डिस्कनेक्ट झालेल्या सर्व्हरसारखा: मशीन चालू आहे, पण कुणी पोचूच शकत नाही.

आणि रस्ते तुटतात, कारण कण श्वास घेतात. लिथियम आत शिरलं की ग्रॅफाइट साधारण दहा टक्के फुगतं, बाहेर गेलं की आकसतं. रोज एकदा. वर्षभरात तीनशे-साडेतीनशे वेळा. काजळीची साखळी कुठंतरी सुटते, बाइंडर कुठंतरी सोडतो, कणाला तडा जातो.

आमच्या आजीचं जुनं घर मातीचं होतं. भिंत लिंपायच्या मातीत गव्हाचं भुसकट कालवायचे आणि दोन-तीन दिवस भिजत ठेवायचे. नुसत्या मातीनं लिंपलं तर वाळल्यावर भेगा पडून पोपडे निघतात. भुसकट घातलं की भेग पडते, पण काडी भेगेच्या दोन्ही बाजूंना धरून बसते, आणि पोपडा पडत नाही. बॅटरीच्या लेपात काजळी म्हणजे बारीक धूळ, तिला लांबी नाही. तिच्या जागी लांब, वीज वाहणारी काडी घातली तर? ती काडी म्हणजे कार्बनचा धागा. आणि भुसकट घातलेल्या मातीला घट्ट धरणारा चिकटाच जर वीज वाहणारा असला तर? तो म्हणजे वाहक पॉलिमर. ही जोडी म्हणजेच रीलमधली 'नवी' बॅटरी.

फक्त नवी हा शब्द खोडायला लागेल.

चुकून सापडलेलं चंदेरी प्लास्टिक

१९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअ‍ॅसिटिलीन नावाचं पॉलिमर बनवताना एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. नेहमीची काळी भुकटी तयार व्हायच्या ऐवजी भांड्यात चंदेरी, चकाकणारा पापुद्रा तयार झाला. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांच्यासोबत शिराकावांनी त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, आणि त्याची वीज वाहण्याची क्षमता एक कोटी पटींपर्यंत वाढली. ते साल १९७७. या कामासाठी तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आयोडीननं काय केलं? वसमतहून नांदेडला जाणारी सकाळची एसटी आठवा. सगळी सीटं भरलेली, तर कुणीच हलू शकत नाही. पुढच्या सीटवरचा एक जण उतरला की मागचा तिथं सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, आणि हालचाल सुरू होते. आयोडीन पॉलिमरच्या साखळीतून काही इलेक्ट्रॉन उतरवून घेतं. रिकामी सीटं तयार होतात आणि उरलेले इलेक्ट्रॉन सरकायला लागतात. उलटंही चालतं: जास्तीचे प्रवासी घुसवले तर ते मधल्या वाटेत उभे राहतात आणि पुढे-मागे करू शकतात. याला डोपिंग म्हणतात. ही रिकामी सीटं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग. जपानमधल्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो याच चंदेरी प्लास्टिकवर काम करत होते. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटानं लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दाखवला होता, पण त्याच्या समोर सुरक्षित अ‍ॅनोड कुठला लावायचा हे कोडं होतं. शुद्ध लिथियम धातू लावला तर आगीचा धोका. १९८३ मध्ये योशिनोंनी समोर पॉलिअ‍ॅसिटिलीन लावलं, आणि बॅटरी चालली. म्हणजे तुमच्या-माझ्या मोबाईलमधल्या बॅटरीचा जो पहिलावहिला पूर्वज, त्याच्या पोटात वाहक पॉलिमर होतं.

अडचण अशी की पॉलिअ‍ॅसिटिलीन हलकं आहे, पण जागा फार खातं. बॅटरी वजनाला कमी झाली, आकाराला नाही. आणि त्या काळच्या हातात धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांना बॅटरी लहान हवी होती. शिवाय हे पॉलिमर फारसं टिकाऊही नाही. म्हणून योशिनो त्याच जातीचं, पण जास्त घट्ट काहीतरी शोधायला लागले. त्यांना ते कंपनीच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत सापडलं: वायूपासून वाढवलेला अतिशय बारीक कार्बन फायबर. १९८५ पर्यंत पॉलिमर गेलं, कार्बन आला. पुढे धाग्याच्या जागी पेट्रोलियम कोक आणि नंतर ग्रॅफाइट आलं. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळालं.

रीलमधल्या माणसानं ज्यांना 'भविष्यातलं मटेरियल' म्हटलं, ती दोन्ही चाळीस वर्षांपूर्वीच एकामागोमाग एक या बॅटरीत बसून गेली आहेत. तो बारीक कार्बन फायबर तर पूर्ण गेलाच नाही. आजही इलेक्ट्रोडच्या लेपात काजळीच्या जोडीला तो किंवा कार्बन नॅनोट्यूब थोड्या प्रमाणात मिसळतात, अगदी भुसकटासारखे. मोटारीच्या बॉडीत असतो त्या कार्बन फायबरची जाडी पाच ते सात मायक्रॉन असते. हा त्याहून तीस-चाळीस पट बारीक.

वाहक पॉलिमरनं स्वतःच्या जोरावर बाजारात उतरायचाही प्रयत्न केला. १९८७ मध्ये जपानमध्ये ब्रिजस्टोन आणि सेइको यांनी पॉलिअ‍ॅनिलीनचा कॅथोड असलेली, बटणाच्या आकाराची रिचार्ज होणारी बॅटरी विकायला आणली. टिकली नाही. अशा पॉलिमरमध्ये चार्ज साठवायला द्रवातले मोठाले आयन येऊन बसावे लागतात, त्यामुळे द्रव जास्त लागतो आणि एकूण वजन वाढतं. नुसती ठेवली तरी ती हळूहळू उतरते. आणि सतत फुगून-आकसून साखळ्याच खराब होतात. लिथियम-आयन आल्यावर तिच्याकडे कोण बघणार?

मग दोघांना एकत्र का करायचं

कारण एकाचं दुखणं दुसऱ्याकडे औषध आहे. पॉलिमर चार्ज साठवतं, चिकटतं, वाकतं, पण फुगून फाटतं. कार्बनचा धागा फाटत नाही, वीज उत्तम वाहतो, पण गुळगुळीत आणि आळशी, स्वतः फार काही धरून ठेवत नाही. धाग्यावर पॉलिमरचा पातळ थर चढवला तर धागा हाडाचं काम करतो आणि पॉलिमर मांसाचं. थर पातळ असल्यामुळे आयनांना फार खोल शिरावं लागत नाही, म्हणून चार्जिंग पटकन होतं. रीलमधला 'पाच मिनिटांत चार्ज' इथून आला असणार.

हे काम पुण्यातही झालंय. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटानं दहा-बारा वर्षांपूर्वी पोकळ कार्बन नॅनोफायबर घेतले आणि त्यांच्या आतल्या व बाहेरच्या, दोन्ही भिंतींवर पेडॉट नावाचं वाहक पॉलिमर चढवलं. नळीला आतून-बाहेरून रंग द्यावा तसं. नुसत्या पेडॉटपेक्षा ते जास्त चार्ज साठवायचं आणि जास्त फेऱ्या टिकायचं. त्याच गटानं २०१५ मध्ये साध्या कागदावर पेडॉट वाढवून वाकणारा, वीज वाहणारा कागद तयार केला. पण एक गोष्ट नीट समजून घ्या: हे दोन्ही प्रयोग सुपरकपॅसिटरसाठी होते, बॅटरीसाठी नाही. सुपरकपॅसिटर झटकन भरतो, झटकन उतरतो, हजारो फेऱ्या चालतो, पण वजनाच्या मानानं ऊर्जा कमी साठवतो. बॅटरी म्हणजे विहीर, सुपरकपॅसिटर म्हणजे दारातला रांजण. बातम्यांमध्ये या दोघांची सर्रास सरमिसळ होते. विहिरीचा साठा आणि रांजणाचा वेग एकाच वाक्यात टाकला की सनसनाटी रील तयार.

पुण्याचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. एनसीएलमध्येच असताना सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं २०१३ मध्ये कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांपासून कार्बन बनवून त्याचे सुपरकपॅसिटरचे इलेक्ट्रोड केले होते. पानं नुसती जाळली तर राख होते. हवेतला ऑक्सिजन लागू न देता खूप तापवली तर भोकाभोकांचा कार्बन उरतो. ओगले पुढे आयसर पुणे इथे गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटी या पुण्याच्या कंपनीनं आयसरसोबतच्या कामातून तयार झालेली सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली. कंपनीच्या सांगण्यानुसार तिची क्षमता किलोमागे १०० ते १७० वॅट-अवर आहे आणि ३००० ते ६००० फेऱ्यांनंतरही ८० टक्के उरते. सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा, तो ग्रॅफाइटच्या थरांत नीट मावत नाही. म्हणून अशा बॅटऱ्यांत सहसा वेड्यावाकड्या रचनेचा 'हार्ड कार्बन' वापरतात, आणि तो शेतातल्या काडीकचऱ्यापासूनही करता येतो. हे वाचताना मला आमच्या शिवारात पेटवून दिलेल्या पऱ्हाट्या आणि हळद काढल्यावर बांधावर पडलेला पाला आठवला. त्यापासून चांगला कार्बन होईलच असं मी म्हणत नाही. पण वसमतच्या हळदीला मानांकन मिळालंय, तिच्या पाल्याला अजून कुणी विचारत नाही, एवढं खरं.

मोबाईलपर्यंत कधी पोचणार?

इथे थोडं गणित करू, सोपं आहे.

ग्रॅफाइटचा एक ग्रॅम जास्तीत जास्त ३७२ एमएएच साठवू शकतो. तुमची ५००० एमएएचची बॅटरी असेल तर त्यात किमान साडेतेरा ग्रॅम ग्रॅफाइट हवंच. सिलिकॉनचा एक ग्रॅम जवळपास ३६०० एमएएच साठवतो, म्हणजे तेवढ्याच कामाला दीड ग्रॅमही लागत नाही. मग सगळे सिलिकॉनच का वापरत नाहीत? कारण ग्रॅफाइट दहा टक्के फुगतं, आणि सिलिकॉन पूर्ण चार्ज झाल्यावर तिप्पट-चौपट होतं. आजीच्या भिंतीतली माती रोज रात्री चौपट फुगून सकाळी आकसायला लागली तर कुठलं भुसकट पुरेल?

वाहक पॉलिमरला खरी संधी इथे आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत गाओ लिऊ यांच्या गटानं असा बाइंडर बनवला, जो चिकटतो, ताणला जातो आणि वीजही वाहतो. सिलिकॉनच्या लेपात त्यांनी काजळी घातलीच नाही. कण फुगला की सभोवतालचं पॉलिमर ताणलं जातं, आकसला की मागे येतं, आणि विजेचा रस्ता तुटत नाही.

मग पेडॉट किंवा पॉलिअ‍ॅनिलीनसारखं सहज मिळणारं पॉलिमरच तिथं का घातलं नाही? एसटीची रिकामी सीटं आठवा. ही पॉलिमरं रिकाम्या सीटांमुळे वीज वाहतात. चार्ज होणाऱ्या अ‍ॅनोडवर इलेक्ट्रॉनची इतकी गर्दी होते की ती सीटं पुन्हा भरून जातात, आणि गाडी जॅम. म्हणून अ‍ॅनोडसाठी मधल्या वाटेत उभ्या प्रवाशांवर चालणारं, वेगळ्या घडणीचं पॉलिमर मुद्दाम बनवावं लागतं. ते महाग पडतं आणि कारखान्यात टनावारी बनवणं सोपं नाही. पीव्हीडीएफ कसाही असला तरी स्वस्त आहे, आणि सगळी यंत्रं त्याच्या हिशेबानं बसवलेली आहेत. आमच्याकडेही जुनी सिस्टीम वाईट आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ती बदलायला कुणी हात लावत नाही, तसंच.

सिलिकॉन मात्र मोबाईलमध्ये आलंय. २०२३ मध्ये ऑनर मॅजिक ५ प्रोच्या चीनमधल्या आवृत्तीत सिलिकॉन-कार्बन बॅटरी आली, आणि आता भारतात वनप्लस १३ सारख्या फोनमध्ये जाडी न वाढवता ६००० एमएएच मिळतात ते याच प्रकारामुळे. त्यात फुगणाऱ्या सिलिकॉनला कार्बनच्या सांगाड्यात कोंडून ठेवलेलं असतं, आणि सिलिकॉन थोडं, बाकी ग्रॅफाइट. म्हणजे सध्या तरी ही फेरी कार्बननंच जिंकली आहे.

राहिला कार्बन फायबर, खराखुरा, विणता येणारा. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात लेइफ आस्प यांचा गट अशी बॅटरी बनवतोय जिची बॉडीच बॅटरी असेल. अ‍ॅनोडही कार्बन फायबरचा, कॅथोडही लिथियम आयर्न फॉस्फेटचा थर दिलेल्या कार्बन फायबरचा. २०२४ च्या त्यांच्या बॅटरीची कडकपणाची ताकद अ‍ॅल्युमिनियमच्या बरोबरीची आहे. बातम्यांनी लगेच छापलं: क्रेडिट कार्डाइतका पातळ मोबाईल येणार! तीच बातमी भावाच्या रीलमध्ये फिरत होती, असा मला दाट संशय आहे.

पण तिची क्षमता किलोमागे ३० वॅट-अवर आहे. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर ऊर्जा असते. १९ ला ३० नं भागा. तेवढी ऊर्जा साठवायला सहाशे ग्रॅमच्या वर वजन लागेल. आजची मोबाईलची बॅटरी किलोमागे २५० च्या पुढे देते, म्हणून ती पाऊणशे ग्रॅममध्ये बसते. चाल्मर्सचं काम छोटं आहे असं मुळीच नाही. विमानाच्या किंवा गाडीच्या बॉडीला तसंही वजन असतंच, तेच वजन थोडी वीज साठवू लागलं तर तो निव्वळ फायदा. मोबाईलला बॉडी आहेच किती?

भावाच्या बॅटरीचं

एक गोष्ट मी त्याला आधी चुकीची सांगितली होती, ती दुरुस्त करतो. कण फुगतात म्हणून बॅटरीचं पाकीट फुगलं, असं मी म्हणालो होतो. कणांचं फुगणं एवढं नसतं. पाकीट फुगतं ते गॅसमुळे. आतला द्रव उष्णतेनं आणि जास्त चार्जिंगनं हळूहळू कुजतो आणि त्याचा वायू होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीसला, त्यात हा मोबाईल चार्जिंगला लावून उशीखाली ठेवायचा आणि वर गेम खेळायचा. वाहक पॉलिमरचा बाइंडर असता, कार्बन फायबरचं भुसकट असतं, तरी ती फुगलीच असती. म्हणजे "ही फुगत नसते" हे दुकानदाराचं वाक्य लेबल खरं धरलं तरी खोटंच होतं.

फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, "थोडी हवा काढून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात द्यायची नाही. आत पेट घेणारा द्रव असतो, आणि मधला पडदा फाटला की दोन्ही पानं एकमेकांना भिडतात. चार्जिंगला लावायची नाही आणि घंटागाडीतही टाकायची नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. आम्ही दोन्हीपैकी एकही बॅटरी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी नांदेडला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो, तिथं नवी बसवली, जुनी त्यांच्याकडेच जमा केली. महागवाल्या 'कार्बन' बॅटरीपेक्षा दोनशे रुपये जास्त गेले. ते भावानं माझ्याकडूनच काढले.

परवा त्याचा मेसेज आला. पुन्हा एक लिंक, पुन्हा कुठलीशी चमत्कारी बॅटरी. खाली त्यानं विचारलं होतं, "दादा, ही किलोमागे किती वॅट-अवरची?" मी बातमी दोनदा वाचली. तो आकडा त्यात कुठंच दिलेला नाही.